शरीराची बेगमी

मे महिना अर्ध्यावर आला की रत्नागिरीत घरोघरी बेगमीची गडबड सुरू होते. तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरच्या, आमसुले, सुकी मासळी, जळणाची लाकडे, सारे आगोटीच्या आत घरात यायला हवे असते. आता दुकाने बारमाही उघडी असतात, रेल्वेही आली आहे. पण पावसाळ्यात बोटी बंद होत आणि खाड्यांना उधाण येई त्या काळात ही बेगमी म्हणजेच चार महिन्यांचा जीव होता. बेगमीची एक गंमत असते. जुलैमध्ये बाहेरून काहीही आले नाही तरी घरातली चूल नेहमीसारखी पेटते, पंगतीला भात कमी पडत नाही. कणग्याचा तळ दिसू लागतो तेव्हा टंचाई कळते. पण ती सुरू झालेली असते कितीतरी आधी.

ही गोष्ट आठवण्याचे कारण आमच्या ओळखीच्या एक मुख्याध्यापिका. तीन वर्षांपूर्वी त्यांच्यावर गॅस्ट्रिक बायपासची शस्त्रक्रिया झाली. वजन बरेच उतरले, मधुमेहाची औषधे कमी झाली, शाळेचा जिना चढताना लागणारी धाप थांबली. पहिले वर्षभर त्यांनी सांगितलेल्या सगळ्या गोळ्या नेमाने घेतल्या. पुढे प्रकृती इतकी छान वाटू लागली, की गोळ्या एकेक करून सुटल्या. थकवा येऊ नये म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेली लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी मात्र त्या रोज घेत. यंदा बाईंच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. अंधारात चालताना तोल जातो असे वाटू लागले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ठीक. त्यांनी आम्हांला विचारले, "रक्त चांगले आहे, वजन चांगले आहे, शस्त्रक्रिया तर केव्हाच बरी झाली. मग हे आता तीन वर्षांनी कुठून आले?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईल. पण ते उत्तर सापडायला विज्ञानाला पन्नासहून अधिक वर्षे लागली आणि त्या शोधाचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत पार पडला. म्हणून ती हकीकत मुळापासून पाहणे बरे.

जठर नसले तर?

१८९७ च्या सप्टेंबरात झुरिच येथील शल्यविशारद कार्ल श्लाटर यांनी कर्करोग झालेल्या ५६ वर्षांच्या एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढून टाकले आणि अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. जठराशिवाय माणूस जगेल का, हाच तेव्हा मोठा प्रश्न होता. ती स्त्री जगली. थोडे थोडे खाऊ लागली, तिचे वजनही वाढले. सुमारे चौदा महिन्यांनी मूळच्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला. वैद्यकजगताने निष्कर्ष काढला, की जठर ही सोयीची वस्तू आहे, गरजेची नव्हे. अन्न साठवायचे, घुसळायचे आणि पुढे ढकलायचे एवढेच त्याचे काम. ते नसले तरी आतडे वेळ मारून नेते.

त्यानंतर दहा वर्षांनी इंग्लंडमधील शल्यविशारद मॉयनिहान यांनी अशीच शस्त्रक्रिया केली. त्यांचा रुग्ण साडेतीन वर्षांहून अधिक काळ जगला आणि मग तीव्र रक्तक्षयाने दगावला. एकाच शस्त्रक्रियेचे दोन निकाल. फरक फक्त काळाचा. चौदा महिन्यांत जे दिसले नाही ते साडेतीन वर्षांत दिसले. पण हा फरक काय सांगतो आहे, हे तेव्हा कोणालाच उमगले नाही.

त्या काळी 'घातक रक्तक्षय' नावाचा एक रोग डॉक्टरांना ठाऊक होता. त्यात तांबड्या पेशींची संख्या घटते, पण उरलेल्या पेशी आकाराने मोठ्या असतात. पुढे जीभ लाल होते, पायांना मुंग्या येतात, चाल बिघडते आणि रुग्ण हमखास दगावतो. १९२६ मध्ये बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी अशा ४५ रुग्णांना रोज पावशेराच्या आसपास प्राण्याचे यकृत खाऊ घालून बरे केले. कुत्र्यांवरील प्रयोगांतून यकृताकडे प्रथम लक्ष वेधणारे व्हिपल आणि हे दोघे यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण यकृतातले ते द्रव्य निरोगी माणसाला नेहमीच्या अन्नातून मिळते आणि या रुग्णांना का मिळत नाही? बॉस्टनमधीलच तरुण डॉक्टर विल्यम कॅसल यांनी या प्रश्नावर एक विलक्षण प्रयोग केला. ते स्वतः अर्धेकच्चे गोमांस खात, तासाभराने ते जठरातून परत काढत आणि ते पचू लागलेले मिश्रण नळीवाटे रुग्णाला देत. आठवड्याभरात रुग्णाच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागत. नुसते मांस दिले तर काही होत नसे. नुसता जठररस दिला तरी काही होत नसे. दोन्ही एकत्र आले तरच गुण येई. १९२९ मध्ये कॅसल यांनी मांडले, की अन्नात एक 'बाह्य घटक' असतो आणि निरोगी जठर एक 'आंतरिक घटक' स्रवते. जठर ही नुसती पिशवी नव्हे, हे येथे प्रथम सिद्ध झाले.

परळची प्रयोगशाळा आणि गिरणगाव

कॅसल बॉस्टनमध्ये हे प्रयोग करत होते त्याच सुमारास, १९२८ मध्ये, लूसी विल्स नावाच्या चाळिशीच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गरोदर स्त्रियांच्या मृत्यूंची चौकशी चालू होती आणि डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनी त्यांना त्या कामासाठी बोलावले होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम सुरू झाले. मुंबईतील गरीब गरोदर बायकांमध्ये एक तीव्र रक्तक्षय आढळत असे. सूक्ष्मदर्शकाखाली तो हुबेहूब घातक रक्तक्षयासारखा दिसे. तशाच मोठ्या पेशी, तशीच घटलेली संख्या. अनेक बायका बाळंतपणातच जात.

त्यांच्या रुग्णांत गिरण्यांत राबणाऱ्या बायका होत्या. रत्नागिरीच्या वाचकांना गिरणगाव परके नाही. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांत आपल्या जिल्ह्याच्या लोकांचा वाटा सर्वांत मोठा होता. गावाला शेत आणि मुंबईला खोली ही चाकरमान्यांची पद्धत तेव्हाचीच. त्या खोल्यांतल्या बायका काय खातात, किती खातात, भाजी-फळे त्यांना मिळतात का, याची चौकशी विल्स आणि त्यांच्या सहकारी डॉ. तळपदे यांनी घरोघरच्या आहारावरून केली. रक्तक्षय जेथे जास्त तेथे आहार सर्वांत निकृष्ट, असे त्यांना आढळले.

विल्स यांनी मग आहारातून काय सुटते आहे याचा शोध घेतला. उंदीर आणि माकडे यांना त्या बायकांसारखा आहार देऊन पाहिला. यीस्टचा अर्क दिल्यावर प्राणी सुधारले. मार्माइट हा असा अर्क बाजारात सहज मिळत असे. बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून तो बनवतात. १९३१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की मार्माइटने गरोदर स्त्रियांचा हा रक्तक्षय झपाट्याने बरा होतो. येथील परिस्थितीत याचे मोल मोठे होते. रोज पावशेर यकृत गरिबाला परवडणारे नव्हते आणि शाकाहारी घरात ते शिरणेही शक्य नव्हते.

या कामात आणखी एक बारकावा होता. मुंबईच्या या रुग्णांचे रक्त घातक रक्तक्षयासारखे असले, तरी त्यांच्या मज्जातंतूंना सहसा इजा नसे. पुढे विल्स यांनी दाखवून दिले, की घातक रक्तक्षयावर चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या रक्तक्षयावर चालत नाही, कच्चा अर्क मात्र चालतो. म्हणजे यकृतात एक नव्हे, दोन वेगवेगळी द्रव्ये होती. शुद्धीकरणात त्यांतले एक गळून जात होते. या दुसऱ्या द्रव्याला बरीच वर्षे 'विल्स घटक' म्हणत.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचे नाव फॉलिक आम्ल. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत, मूळचे आंध्रातील येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने ते कृत्रिम रीतीने बनवले. विल्स यांचा घटक तो हाच. २०१३ च्या सुमारास देशभर सुरू झालेल्या योजनेतून शाळेत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी दिली जाते, तिच्यात लोहाबरोबर असणारे हे फॉलिक आम्ल. आपण वर्गात ती गोळी वाटतो तेव्हा परळपासून निघालेली एक गोष्टच मुलांच्या हातावर ठेवतो.

रक्त सुधारले, पाय बिघडले

फॉलिक आम्ल मुबलक मिळू लागताच डॉक्टरांनी ते घातक रक्तक्षयाच्या रुग्णांनाही दिले. रक्त सुधारले. पेशींची संख्या वाढली, चेहऱ्यावर रंग आला. सगळ्यांना वाटले, रोग गेला. पण काही महिन्यांत या रुग्णांच्या पायांच्या मुंग्या वाढल्या, चाल बिघडली; काहींच्या मज्जारज्जूला कायमची इजा झाली. रक्ताचा दिवा हिरवा होता आणि आतून मज्जातंतू झिजत होते.

यकृतातले पहिले द्रव्य १९४८ मध्ये अमेरिका व इंग्लंड या दोन्ही देशांत जवळजवळ एकाच वेळी शुद्ध रूपात मिळाले. तांबड्या स्फटिकांचे ते द्रव्य म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. त्याची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. कोडे सुटले. नव्या पेशी बनवण्यासाठी फॉलिक आम्ल आणि ब-१२ दोन्ही लागतात. ब-१२ कमी असताना फॉलिक आम्लाचा मोठा डोस दिला तर पेशींचे काम काही काळ भागते. मज्जातंतूंचे आवरण राखण्याचे ब-१२ चे काम मात्र फॉलिक आम्लाला जमत नाही.

बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आले. रोजच्या गोळीतले फॉलिक आम्ल त्यांचे हिमोग्लोबिन सांभाळत होते, आणि त्यामुळेच खरी टंचाई झाकली जात होती. (शाळेतल्या निळ्या गोळीबद्दल कोणी शंका घेऊ नये. आठवड्याचा तो डोस लहान असतो आणि वाढत्या मुलांना त्याची गरज असते.)

कणग्याचा हिशेब

उरलेले अर्धे उत्तर काळाचे. तीन वर्षेच का?

निरोगी माणसाच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते तीन मिलिग्रॅम ब-१२ साठवलेले असते. रोजची गरज सुमारे दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचशेवा भाग. साठ्यातले रोज साधारण ०.१ टक्का खर्ची पडते. हा खर्च टक्केवारीचा आहे, म्हणून साठा जसा आटतो तसा खर्चही आटतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित किरणोत्सर्गी पदार्थाच्या अर्धायुष्यासारखे करून पाहावे. ०.१ टक्का दराने साठा निम्मा व्हायला सुमारे ६९३ दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे.

पण यात आणखी एक गोष्ट आहे. यकृत पित्तातून रोज थोडे ब-१२ आतड्यात सोडते आणि लहान आतड्याचे शेवटचे टोक, म्हणजे शेषांत्र, ते परत शोषून घेते. या परतीच्या प्रवासालाही जठराचा आंतरिक घटक लागतो. तो नसला तर नवे आत येत नाहीच, शिवाय घरातलेही बाहेर जाते. खर्च ०.२ टक्के धरला तर साठा वर्षभरातच निम्मा होतो. २४०० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात केली तर वर्षाने १२००, दोन वर्षांनी ६००, तीन वर्षांनी ३००. साधारण या पातळीला टंचाईची लक्षणे दिसू लागतात. श्लाटर यांची रुग्ण चौदा महिने जगली तेव्हा तिचा कणगा जेमतेम निम्मा रिकामा झाला होता. मॉयनिहान यांच्या रुग्णाने तळ पाहिला.

प्रत्येक पोषकद्रव्याची बेगमी निराळी. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व दोन-तीन आठवडे पुरते. फॉलिक आम्ल तीन-चार महिने. हे अमेरिकन डॉक्टर व्हिक्टर हर्बर्ट यांनी १९६१ मध्ये स्वतःवरच तपासले: तीनतीनदा उकळून फॉलेट काढून टाकलेले अन्न ते खात राहिले, तीन आठवड्यांत रक्तातली पातळी उतरली, पण रक्तक्षय दिसायला साडेचार महिने लागले. पुरुषाच्या शरीरात लोहाचा राखीव साठा सुमारे एक ग्रॅम असतो, स्त्रीच्या शरीरात बहुधा त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच. कॅल्शियम तर हाडांत किलोभर आहे. ते कमी पडत असले तरी रक्तातली पातळी शरीर ढळू देत नाही, हाडांतून काढून भरपाई करते. म्हणून तेथे टंचाई दिसायला दहा-पंधरा वर्षेही लागतात आणि ती कधी कधी हाड मोडल्यावरच कळते.

वळसा घालण्याची युक्ती

आता बायपासकडे वळू. लठ्ठपणावर शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला तेव्हा तर्क सरळ होता: आतडे अन्न शोषते, तेव्हा आतडेच लहान करावे. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळण्याची कल्पना मांडली. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत सुरुवातीचे सुमारे ३५ सेंटिमीटर आतडे शेवटच्या दहा सेंटिमीटरला जोडत. सहा मीटर लांबीच्या आतड्यातले जेमतेम अर्धा मीटर कामात उरे. वजन उतरले, पण त्याबरोबर न थांबणारे जुलाब, मुतखडे, सांधेदुखी आणि काही रुग्णांत यकृत निकामी होणे हेही आले. हजारो लोकांवर केलेली ही शस्त्रक्रिया १९८० च्या सुमारास बंद पडली. अनेकांचे आतडे पुन्हा पूर्ववत जोडावे लागले.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी धरली. व्रणासाठी जठराचा बराच भाग काढलेले रुग्ण पुढे बारीकच राहतात, हे शल्यविशारदांना माहीत होते. इतरांनी ज्याला दुष्परिणाम म्हटले त्याचाच मेसन यांनी उपयोग केला. १९६६ मध्ये त्यांनी आणि इटो यांनी जठराचा वरचा थोडा भाग वेगळा करून तो खालच्या आतड्याला जोडला. १९७७ मध्ये ग्रिफेन यांनी त्याला स्विस शल्यविशारद सेझार रू यांच्या नावाची इंग्रजी वाय-आकाराची जोडणी दिली. आज गॅस्ट्रिक बायपास म्हणून मुंबई-पुण्यात जी शस्त्रक्रिया होते ती मुख्यतः हीच. लिटरभराच्या जठराऐवजी १५ ते ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी उरते. तेथून अन्न उरलेले जठर, बारा बोटे लांबीची ग्रहणी आणि त्यापुढचा थोडा भाग यांना वळसा घालून खाली उतरते.

हा वळसा महामार्गाच्या बायपाससारखाच. गाडी गावाबाहेरून गेली की पोचते लवकर. पण ज्यांना गावातल्या स्टँडवर उतरायचे होते त्यांचे काय? लोह आणि कॅल्शियम हे मुख्यतः ग्रहणीत उतरणारे उतारू. शिवाय अन्नातले लोह विरघळायला जठरातले आम्ल लागते, तेही आता कमी. ब-१२ ला उतरायचे असते शेवटच्या थांब्यावर, शेषांत्रात. तो थांबा जागेवर आहे. पण अन्नातून त्याला सोडवणारे आम्ल आणि त्याचा हात धरणारा आंतरिक घटक हे दोघे वगळलेल्या जठरात राहिले. त्यांची गाठ पडते ती उशिरा आणि अर्धवट.

वजन का टिकते?

मग वजन उतरते ते अन्न शोषले न गेल्यामुळे का? पुष्कळांची तशी समजूत असते; पण ती मुख्यतः चुकीची आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत रुग्णांनी खाल्लेल्या आणि मलावाटे गेलेल्या ऊर्जेचा काटेकोर हिशेब केला गेला. शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेत जी घट झाली, तिच्यातला सुमारे सहा ते अकरा टक्के वाटाच अपुऱ्या शोषणाचा होता. बाकीची घट कमी खाण्यामुळे होती.

कमी खाणे हे केवळ लहान पिशवीचे काम नव्हे. अन्न खालच्या आतड्यात लवकर पोचते आणि तेथून तृप्तीचा निरोप नेणारी संप्रेरके जास्त स्रवतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना सापडले. बायपासनंतर त्याची पातळी बरीच उतरलेली राहते, असे २००२ मध्ये अमेरिकेत दिसून आले. इन्शुलिनचे काम सुधारते ते वजन पुरते उतरण्याच्या आधीच.

हे किती टिकते? स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लोकांचा पाठपुरावा झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के आणि पंधरा वर्षांनी २७ टक्के होती. अमेरिकेतील यूटा येथील पाहणीत दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो, सहा वर्षांनी ३६ आणि बारा वर्षांनी ३५ किलो घट दिसली. म्हणजे थोडे वजन परत येते आणि मग बहुतेकांचे स्थिरावते. शस्त्रक्रिया झालेल्या स्वीडिश गटात मृत्यूंचे प्रमाणही कमी होते. या शस्त्रक्रियेला आम्ही नावे ठेवत नाही, हे यावरून लक्षात यावे. तिचा लाभ खरा आहे आणि टिकाऊ आहे. म्हणूनच तिची किंमतही नीट समजून घ्यायला हवी.

ती किंमत बेगमीच्या क्रमानेच वसूल होते. पहिल्या काही आठवड्यांत सतत उलट्या झाल्या तर थायमिनची टंचाई थेट मेंदूवर येते. वर्ष-दोन वर्षांत, विशेषतः मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांत, लोह कमी पडते. दोन ते पाच वर्षांत ब-१२. आणि सर्वांत शेवटी, अगदी गुपचूप, हाडे. दुर्दैवाने माणसाचा धीर आणि दवाखान्याच्या फेऱ्या नेमक्या दोन वर्षांच्या आसपास संपतात. वजन उतरलेले असते, कपडे बदललेले असतात, लोक कौतुक करत असतात. कणगा खाली चालला आहे हे सांगणारे कोणी नसते.

आपला कणगा मुळात किती भरलेला?

आता स्वीडनमधून आपल्याकडे परत येऊ. वरचा हिशेब भरलेल्या कणग्यापासून सुरू होतो. आपल्याकडे तो भरलेला असतो का? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर व आसपासच्या खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की त्यांतील ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी होते. शाकाहारी लोकांत धोका अधिक. कारण उघड आहे. ब-१२ वनस्पतींत नसते. दूध-दह्यात थोडे असते. मासे, अंडी, मांस यांत भरपूर. आमच्या किनाऱ्यावरचा बांगडा, तारली आणि तिसऱ्या यांत ते चांगले मिळते. पण कोकणात सगळीच घरे मासे खाणारी नाहीत. बाईंचे घर शाकाहारी.

निम्म्या कणग्यापासून सुरुवात केली, तर वरच्या हिशेबात तळ गाठायला तीन वर्षांऐवजी दोनच पुरतात. बायपासनंतर थोडे ब-१२ शोषले जातच असते, म्हणून बाईंना तिसरे वर्ष मिळाले, एवढेच.

याज्ञिक यांचे आणखी एक काम येथे आठवते. २००४ मध्ये त्यांनी आपले आणि इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण बारीक दिसूनही आतून स्थूल असतो. म्हणून या शस्त्रक्रियेचा विचार आशियाई लोकांत कमी वजनापासूनच केला जातो. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेले निकष ४० व ३५ होते, तर २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सुचवले गेले. म्हणजे यापुढे आपल्या गावांत, आपल्या शिक्षकवर्गात, अशा शस्त्रक्रिया झालेली माणसे वाढतच जाणार. चरबीने भरलेले आणि ब-१२ ने अर्धे रिकामे असे हे शरीर युरोपातल्या तक्त्यांवरून चालवता येणार नाही.

उपाय महागडा नाही. ब-१२ च्या हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतला सुमारे एक टक्का आंतरिक घटकाशिवायही नुसता झिरपून रक्तात जातो. दहा मायक्रोग्रॅम झाले, गरज भागली. नाहीतर इंजेक्शन आहेच. लोहाची गोळी चहाबरोबर वा कॅल्शियमबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यावी. आम्ल कमी असल्याने कॅल्शियम सायट्रेट रूपात घेणे बरे. आणि वर्षातून एकदा रक्ताची तपासणी, तीही केवळ हिमोग्लोबिनची नव्हे. डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवावेत. हे सारे किती वर्षे? या प्रश्नाचे उत्तर लोकांना आवडत नाही, पण ते सोपे आहे. वळसा जितकी वर्षे राहील तितकी वर्षे, म्हणजे जन्मभर.

बाईंचे ब-१२ तपासले तेव्हा ते फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली. महिन्या-दोन महिन्यांत मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, अंधारात चालण्याची भीती गेली. तळव्यांचा थोडा बधिरपणा अजून आहे; तो कदाचित राहील. मज्जातंतू रक्तासारखे चटकन भरून येत नाहीत. बाईंनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बेगमी संपत आली हे कणग्यात हात घातल्याशिवाय कसे कळणार? आम्ही नुसती चूल पेटलेली पाहत होतो."

आपल्या ओळखीत कोणावर अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर वजन किती उतरले हे आपण विचारतोच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: यंदा ब-१२ तपासले का?